सहाशे सैल कोट

‘‘हा काका निघाला,’’ असं म्हणून कापायच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईंनी पांढऱ्या कापडाचा एक तुकडा उजेडात धरला, मान हलवली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकून दिला. मी दारात उभा होतो. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात धूळ उडवायचा ब्लोअर. क्षणभर वाटलं, मला बघूनच कुणाला तरी सांगताहेत. पण बाई नव्या होत्या, मला ओळखत नव्हत्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पाहिलं ते कटिंग मास्तरांनी. त्यांच्या हातातली कात्री कापडात अर्धी जाऊन थांबली. माझी पुतणी कॉम्प्युटरच्या टेबलावरून उठून माझ्याकडे येत होती, तीही मधेच थांबली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मी तिला विचारलं, काका म्हणजे काय गं? तिनं आधी ‘काही नाही’ म्हणून बघितलं. मग म्हणाली, इथं म्हणायची पद्धत आहे, मापात चुकलेल्या तुकड्याला म्हणतात. कधीपासून, असं विचारल्यावर म्हणाली, मी लहान असल्यापासून. अकरा वर्षांपूर्वी ती नऊ वर्षांची होती. मी हसलो. ‘‘चांगलंय की,’’ म्हणालो, ‘‘निदान नाव तरी राहिलं.’’ आणि पिशवी खाली ठेवून कामाला बसलो. बसताना मी खुर्ची जरा जास्तच जोरात ओढली.

तिचा फोन चार दिवसांपूर्वी आला होता. मशीन फार गरम होतंय, पंखा सारखा ओरडतो, एक अक्षर दाबावं आणि पाणी पिऊन यावं तेव्हा ते उमटतं. सोमवारी एका रुग्णालयाच्या नऊशे कोटांची कापणी सुरू व्हायची आहे, सहा साइझचे साचे काढायचेत आणि प्रोग्रॅम हलत नाही. दोन दुरुस्तीवाले येऊन गेले, दोघांनी नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं, पण नवीन मशीनवर हा प्रोग्रॅम चालतच नाही. ‘तुम्हीच लिहिलाय ना काका तो,’ असं ती म्हणाली आणि मी फोन कानाला धरून माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या उघड्या पडलेल्या कॅबिनेटांकडे बघत राहिलो. बाबा गुरुवारी गोदामात जातात, दुपारपर्यंत येत नाहीत, तेव्हा या, हेही तिनंच सुचवलं. म्हणजे दादाला न सांगता. मला हा बेत आवडला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. अकरा वर्षं मी या एका फोनची वाट बघत होतो. रोज रात्री नाही आणि रडतही नाही, पण दाढी करताना, कुणाच्या तरी मशीनमधला जळका वास हुंगताना, रस्त्यात निळा कोट घातलेली एखादी परिचारिका दिसली की. त्यांचं मशीन बंद पडेल, त्यांना दुसरं कुणी सापडणार नाही, आणि मग दादा माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून येईल. तो काय बोलेल हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. मला तसं फार काही नको होतं. त्या कारखान्यात, त्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत कुणीतरी म्हणावं, की चूक याची नव्हती. एवढं एक वाक्य.

झालं होतं असं. हा कारखाना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चार मशीनवर सुरू केला. रुग्णालयांचे कोट, कामगारांचे अंगरखे, असलं सरसकट काम. दादा त्यांच्या हाताखाली तयार झाला. मी धाकटा, शिकायला म्हणून बाहेर राहिलो आणि परत येताना कॉम्प्युटरचं खूळ घेऊन आलो. एका साइझच्या मापावरून बाकी सगळ्या साइझचे साचे काढायला अण्णांना तीन दिवस लागायचे. खाकी कागद, पेन्सिल, वाकडी पट्टी. मी सात महिने बसून प्रोग्रॅम लिहिला. माप घाला, बटण दाबा, प्रिंटर लांबलचक कागदावर साचे काढून देतो. शिवणीसाठी कडेनं कापड जास्तीचं सोडावं लागतं, त्याला शिंपी माया म्हणतात. कोटाला एकूण दोन इंच. ती मायाही प्रोग्रॅम स्वतःच धरायचा. पहिलं मोठं काम आलं सहाशे निळ्या कोटांचं. माप दादानं घातलं. कापणी झाली, शिवणकाम झालं, गठ्ठे गेले आणि सहाशेच्या सहाशे परत आले. बेचाळीसचा कोट चव्वेचाळीसचा झाला होता. बाह्या बोटांवर उतरत होत्या, गळे खांद्यावरून घसरत होते. दादा म्हणाला, मी सांगितलं ते माप घातलं, यंत्रानं घोळ घातला. मी म्हणालो, यंत्र घोळ घालत नाही, मला बघू दे. अण्णांनी बघू दिलं नाही. सगळ्या बायकांसमोर, मास्तरांसमोर म्हणाले, ‘‘तुझ्या हाती पेन्सिल द्यायची नव्हती, तिथं मी अख्खा कारखाना दिला. ऊठ तिथून.’’ मी उठलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा चोर कुठला आणि संन्यासी कुठला हे दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता.

कॅबिनेटचा पत्रा काढला तर आत कापूसच कापूस. शिवणखात्यातलं मशीन, त्याच्या पोटात दुसरं काय असणार? पंख्याच्या पात्यांवर, प्रोसेसरवरच्या जाळीत, कोपऱ्याकोपऱ्यात तंतूंची गादी बसली होती. वरचा थर पांढरा, मग करडा, मग हिरवट. मी चिमट्यानं एकेक थर सोलत गेलो. पुतणी शेजारी उभी राहून बघत होती. तिला मजा वाटत होती, कुठला रंग कुठल्या वर्षाचा हे ती ओळखत होती. सगळ्यात खाली, अगदी पत्र्याला चिकटून, निळा. ‘हा मला नाही माहीत,’ म्हणाली. मला माहीत होता. मी ब्लोअर मारला आणि सगळं एकदम उडवून दिलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली, पंखा बसवला, मशीन सुरू केलं. तापमान वीस अंशांनी उतरलं. पुतणीनं टाळी वाजवायला हात उचललेच होते, पण पडद्यावर आकडा तसाच. प्रोसेसर शंभर टक्के. अठ्ठ्याण्णव, शंभर, नव्याण्णव, शंभर.

मग मी नेहमीच्या वाटेनं गेलो. मशीन सुरू होताना आपोआप जागी होणारी बांडगुळं एकेक बंद केली. व्हायरस मारणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी बसवलेले होते आणि एकमेकांवर पहारा करत होते. त्यातला एक काढला. हवामान दाखवणारं काहीतरी होतं, तेही काढलं. प्रत्येक वेळी आकडा जरा खाली यायचा आणि रिकामी झालेली जागा कुणीतरी गिळून पुन्हा शंभरावर जायचा. साप सोडून भुई धोपटत होतो. शेवटी, जे पहिल्यांदा करायचं ते केलं. यादी लावली, सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर. वर होता माझा प्रोग्रॅम. काखेत कळसा.

तो काम करत नव्हता. हेच तर त्यातलं गमतीचं होतं. साचे काढताना तो जेमतेम साठ टक्के खायचा. शंभर टक्के खायचा तो नुसता बसलेला असताना. मी तो लिहिला तेव्हा यंत्राला दुसरा उद्योग नसायचा. त्यामुळे ‘बटण दाबलं का’ असं विचारत राहण्याचं काम मी प्रोग्रॅमला बेधडक लावून दिलं होतं. दाबलं का? नाही. दाबलं का? नाही. सेकंदाला हजारो वेळा, श्वास न घेता. तेव्हा ते कुणाला जाणवलं नाही. आता पुतणीनं त्याच मशीनवर टपाल आणलं, पहारेकरी आणले, आणि हा गडी कुणाला काही उरू देईना. अकरा वर्षं तो असाच बसला होता, काहीही न करता पूर्ण ताकदीनं. हे मला फार ओळखीचं वाटलं आणि ते ओळखीचं वाटणं आवडलं नाही. उपाय सोपा होता. दोन विचारण्यांच्या मधे पळभर थांब, एवढी एक ओळ घालायची. दहा मिनिटांचं काम. पुतणीला म्हणालो, सापडलं, होऊन जाईल. तिचा चेहरा इतका उजळला की मला लहानपणची ती आठवली, कापडाच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारणारी. ती चहा सांगायला बाहेर गेली.

ती ओळ घालायला मी प्रोग्रॅमचं कपाट, म्हणजे त्याचं फोल्डर, उघडलं. तिथंच, खाली, प्रत्येक कामाच्या मापाची एकेक फाइल पडलेली होती. हे मीच लिहून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. जे माप घालाल ते तारखेसकट तसंच्या तसं जपून राहील. मी तारखेनं यादी लावली. सगळ्यात पहिली मोठी फाइल, तो दिवस. उघडली. बेचाळीस साइझ, छाती, चव्वेचाळीस. म्हणजे दादानं अण्णांच्या वहीतून माप उतरवलं होतं, आणि अण्णांच्या वहीत माया धरलेलीच असायची. आमच्याकडे तीच रीत, वहीतलं माप म्हणजे कापायचं माप. त्यावर प्रोग्रॅमनं आपले दोन इंच चढवले. माया दोनदा धरली गेली. बस्स, एवढंच. न्याहारीच्या वेळी मी दादाला बजावलं होतं, की वहीतलं नको, अंगाचं नुसतं माप घाल, आणि तो हो हो म्हणत बुटाच्या नाड्या बांधत होता. हे मला अंदाजानं केव्हापासून ठाऊक होतं. पण अंदाजाला कोण विचारतो? आता कागद होता. मी जिंकलो होतो. आणि मग, नुसत्या हावरटपणानं, मी पुढची फाइल उघडली.

पुढची फाइल आठ दिवसांनंतरची होती. तोच कोट, तेच साइझ. बेचाळीसला बेचाळीस. अडतीसला अडतीस. त्याच्या पुढची उघडली, तसंच. पुढची, तसंच. पुढच्या वर्षाची, त्याच्या पुढच्या वर्षाची, परवाची. एकाही फाइलमध्ये माया नाही. म्हणजे आठ दिवसांत कुणालातरी कळलं होतं. प्रोग्रॅम बरोबर आहे हे कळलं होतं, चूक कुठं झाली हे कळलं होतं, आणि त्या दिवसापासून सगळेजण माझ्याच प्रोग्रॅमवर गुमान बरोबर मापं घालून हजारो कोट कापत बसले होते. आणि नासक्या तुकड्याला काका म्हणत होते. माझ्या कानात पंखा फिरायला लागला. चूक मी समजू शकलो असतो, देवाशपथ. नाडी बांधता बांधता माणूस चुकतो. पण आठ दिवस, आणि मग अकरा वर्षं. मी दोन्ही फाइली प्रिंटरवर सोडल्या. ती एक ओळ घालायची मला आठवणही राहिली नाही. किंवा राहिली, आणि मी घातली नाही.

दादा साडेबाराला आला. म्हातारा दिसत होता, पण त्यानं माझ्या मनाला पाझर फुटला नाही, उलट आपल्याला उशीर झाला असं वाटलं. मला बघून तो दारात थबकला, मग पुतणीकडे पाहिलं, मग ‘आलास का’ म्हणाला, जणू मी भाजी आणायला गेलो होतो. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती, मशीनं एकेक करून थांबत होती. मी मुद्दाम थांबलो. शेवटचं मशीन थांबल्यावर दोन्ही कागद कापायच्या टेबलावर पसरले, त्यावर कात्री ठेवली आणि म्हणालो, दादा, जरा हे वाच, मोठ्यानं वाच. बायका डबे हातात घेऊन उभ्या राहिल्या. पुतणी जवळ आली. मास्तर पाठमोरेच राहिले.

दादानं चष्मा लावला. दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं, तारखांवर थांबलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याच्यासाठी मी अकरा वर्षं काढली होती. तो पडेल, फिका होईल, काहीतरी सारवासारव करेल. त्यातलं काही झालं नाही. त्यानं कागद नीट एकावर एक ठेवले.

‘‘हे मला दाखवून काय होणार?’’ तो म्हणाला. ‘‘मला माहीत आहे.’’

‘‘आणि अण्णांना? त्यांना का नाही सांगितलंस?’’

‘‘अण्णांनीच शोधलं. तू गेल्यावर वही आणि यंत्राचा कागद शेजारी शेजारी घेऊन बसले आठ दिवस. मला बोलावलं नि म्हणाले, माया दोनदा धरलीस तू. मी म्हणालो, त्याला घेऊन येतो. तर म्हणाले, नको. एका म्यानात दोन तलवारी राहायच्या नाहीत. गेलाय तो बरा गेलाय, आपलं काहीतरी करील.’’

मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं असतं. मी तसं म्हणालोही. तेव्हा मास्तर वळले. त्यांनी माझ्याकडे न बघता, टेबलावरची चिंधी झटकत सांगितलं, की मोठे मालक बोलले तेव्हा ते तिथंच होते, सगळेच होते, जुने म्हणून जेवढे होते तेवढे. नंतर कुणी विषय काढला नाही. अळीमिळी गुपचिळी. ‘काका’ हा शब्द कुणी काढला तेही आता आठवत नाही, पण त्यात वाईट भाव नव्हता, असं म्हणाले.

अण्णांच्या शेवटच्या आठवड्यात मी रुग्णालयात गेलो होतो. दादा नसताना. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, जाऊ दे रे, झालं ते झालं. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडलो होतो. बापानं मला माफ केलं म्हणून. चार वर्षं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. दादावर माझा राग होता तो त्या वाक्याच्या आधारावर होता. एक माणूस खोटा आणि एक फसवला गेलेला, अशी माझी वाटणी होती. आता त्या हाताचा कोमट स्पर्श माझ्या तळव्यावर जशाचा तसा आला आणि मला तो पुसून टाकावासा वाटला. त्यांना ठाऊक होतं. जे मी केलंच नाही ते मला माफ करताना त्यांना ठाऊक होतं. सुंठीवाचून खोकला गेला, आणि वर माफीचा मोठेपणाही मिळाला. आणि त्यांना आता काय करता येणार होतं मला? काहीच नाही. सूड घ्यायला माणूस समोर लागतो. समोर होता तो दादा, आणि तो चष्मा पुसत होता.

मी ज्यांच्यासमोर गौप्यस्फोट करायला निघालो होतो त्या सगळ्यांना ते गुपित अकरा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. नव्या बायका सोडल्या तर फक्त एका व्यक्तीला नव्हतं. पुतणी टेबलाची कड धरून उभी होती. ती बापाला म्हणाली, ‘‘म्हणजे काकांनी कापड नासवलं नव्हतं?’’ दादानं नाही म्हणून मान हलवली. ‘‘मी शाळेत चुकले की तुम्ही मला म्हणायचात, काकासारखं करू नकोस. ते कशाला म्हणायचात?’’ दादानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती सगळ्यांकडे एकदा बघून, स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘‘चूक काकांची नव्हती.’’

आलं ते वाक्य. त्याच टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत. मी वाट बघितली, की आता छातीतून काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. चुकीच्या माणसानं म्हटलं होतं ते, ज्याचा दोष नाही त्यानं. मी कॉम्प्युटरपाशी गेलो. आकडा शंभरावरच होता. मी प्रोग्रॅम बंद केला, त्याचं सगळं कपाट निवडलं, मापं सोडून. मापं मी ठेवली, वाचायला. दादाला कळलं मी काय करतोय. तो पुढे आला नाही. ‘‘पूस,’’ म्हणाला, ‘‘तुझंच आहे.’’ त्याच्या त्या समजूतदारपणानं माझं उरलंसुरलं डोकं फिरलं. मी पुसलं. कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसलं. पंखा दोनदा धाप टाकून मंदावला, आणि तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून त्याच्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलत होतो. प्रोसेसर दोन टक्के. ‘‘झालं दुरुस्त,’’ म्हणालो. ‘‘आता गरम होणार नाही.’’

कुणी जेवायला गेलं नाही. मास्तरांनी कपाटाच्या वरून खाकी कागदाची गुंडाळी काढली, फुंकर मारली आणि टेबलावर उलगडायला घेतली. सहा साइझ, नऊशे कोट, सोमवार. त्यांचे हात आता पूर्वीसारखे सरळ रेघ मारत नव्हते, हे मला तिथूनही दिसत होतं. दादा कागदाची दुसरी कड धरायला गेला. मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरत होतो, एकेक, त्यांच्या त्यांच्या खणात. पुतणी माझ्यापाशी आली. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. हिशेबी, कामाच्या माणसाच्या आवाजात, हळू, बापाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं,

‘‘काका, एखादी प्रत असेल ना तुमच्याकडे?’’

होती. घरी, कपड्यांच्या कपाटात, सदऱ्यांच्या घडीखाली. दर दिवाळीला कपाट आवरताना बायको तिला हात लावायची आणि मी ओरडायचो. वर्षातून एकदा मी ती लावून बघायचो, चालते का. गेल्याच महिन्यात चालली होती.

‘‘नाही,’’ म्हणालो.